कानाला कान लागतात, पण पायांचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक अहिल्यानगर जिल्ह्यातले, वय ४७. डाळिंबाची बाग आहे, मुलं शिकायला बाहेरगावी आहेत. दीड वर्ष दर रविवारी पुण्याला जाऊन एका क्लबात घोडेस्वारी शिकले. आता कालव्याच्या कडेनं सकाळची रपेट मारायला स्वतःचं जनावर हवं आहे. वजन ८४ किलो, ‘पण कमी करतोय’. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांना एक घोडी मनात भरली. व्यापाऱ्याचं म्हणणं: शुद्ध मारवाडी नुकरा, चार वर्षांची, ६२ इंच उंच, गळ्याला देवमण (केसांचा शुभ भोवरा), वरातीत नाचलेली, शिंगरू झालं तर त्यातूनच पैसे वसूल. ‘कानाची टोकं एकमेकांना लागतात. अंग दुधासारखं पांढरं. डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांवर कातडी काळीशार, त्यामुळे ती आणखीच उठून दिसते,’ असं ते लिहितात. आजी-आजोबांपर्यंत नावं असलेलं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्रही दाखवलं. किंमत पावणेपाच लाखांवरून ३ लाख ९० हजारांवर आली आहे. यात्रा संपली, घोडी आता व्यापाऱ्याच्या गावी आहे आणि रविवारपर्यंत ५० हजार इसार दिला नाही तर ती पंजाबच्या गिऱ्हाइकाला जाणार आहे. दुसरीकडे, क्लबमधला एक नऊ वर्षांचा खच्ची केलेला थरोब्रेड (शर्यतीच्या विलायती जातीचा) घोडा ८० हजारांत मिळतो आहे. याच घोड्यावर ते शिकले. ‘पण तो काही जातिवंत देशी नाही, शर्यतीतून बाद झालेला.’ मेहुणे म्हणतात फसवणूक आहे, पत्नी म्हणतात बुलेट घ्या. त्यांचे प्रश्न दोन: जात खरी आहे हे कसं ओळखायचं, आणि ३ लाख ९० हजार ही रास्त किंमत आहे का?

नमस्कार,

पंजाबच्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करते. तो प्रत्येक यात्रेत असतो, नेहमी उद्या येणार असतो आणि नेहमी रोख पैसे घेऊन येणार असतो. गेल्या तीस वर्षांत मी काही त्याला पाहिलेला नाही. तेव्हा रविवारची मुदत डोक्यातून काढून टाका आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या वर्णनात मला सर्वांत उपयोगी पडलं ते एकच वाक्य, आणि ते तुम्ही कौतुकानं लिहिलंय: नाकपुड्यांवर कातडी काळीशार. नुकरा घोडा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याच्या केसांखालची कातडी गुलाबी असते. नाक गुलाबी, ओठ गुलाबी, डोळ्यांच्या कडा गुलाबी. काळ्या कातडीचा पांढरा घोडा हा बहुधा सब्जा असतो. सब्जा जन्मतो गडद रंगाचा, कुमैत (तांबूस, काळ्या आयाळीचा) किंवा काळासुद्धा, आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. आधी अंगावर चंद्र, म्हणजे फिकट गोल ठिपके, उमटतात, मग ते विरत जातात. पुरता पांढरा व्हायला साधारण सहा ते दहा वर्षं लागतात. काही लवकर होतात, पण चार वर्षांत दुधासारखी पांढरी झालेली सब्जी घोडी दिसली की मी आधी तिचे दात बघते.

म्हणजे ‘नुकरा’ आणि ‘चार वर्षांची’ या दोन्ही गोष्टींवर एका नाकपुडीनं प्रश्नचिन्ह लावलं. शिवाय नुकरा हा रंग आहे, ती जात नव्हे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत घोड्यांच्या ज्या देशी जाती आहेत, त्यात मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झांस्कारी आणि अलीकडे आपली भीमथडी आहे. नुकरा नावाची जात त्यात नाही. बाजारात मात्र तो शब्द जातीसारखा वापरतात, कारण वरातीला पांढरी घोडी लागते आणि तिला भाव येतो.

आता ते प्रमाणपत्र पुन्हा मागा आणि त्यावर रंगाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ‘नुकरा’ लिहिलं असेल तर तो कागद या घोडीचा नाही. ‘सब्जा’ लिहिलं असेल तर कागद कदाचित तिचा असेल, पण मग व्यापारी तोंडानं नुकरा का सांगत होता? पुढे जन्मतारीख, भोवऱ्यांच्या जागा, दोन्ही बाजूंचे फोटो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर. चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली टोचलेली असते आणि साधा हातातला स्कॅनर फिरवला की नंबर दिसतो. स्कॅनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला, तर तो कागद या जनावराचा. चिप नसेल, तर लॅमिनेशन कितीही चकचकीत असो, तुमच्या हातात कुठल्यातरी घोडीचा कागद आहे एवढंच. कागद कोणी दिलाय हेही बघा. जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं आई-बापाची नोंद तपासून दिलेला कागद वेगळा, आणि पैदास करणाऱ्यानं स्वतःच्या लेटरहेडवर छापलेली वंशावळ वेगळी. दुसऱ्या प्रकाराला मी लग्नपत्रिकेइतकं महत्त्व देते. नावं खरी असतील, नसतीलही.

डीएनए तपासणीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. ही घोडी या आई-बापाची आहे का, हे त्यातून कळतं, पण त्यासाठी आई-बापाचे नमुने हवेत. ‘९२ टक्के मारवाडी’ असा दाखला मिळेल या आशेनं केस पाठवू नका.

राहिले कान. मारवाडीचे कान आत वळतात, टोकं टेकतात, हे खरंच. पण काठियावाडीचेही वळतात, कित्येकदा मारवाडीपेक्षा जास्त. आणि यांच्या अर्ध्या रक्ताच्या संकरातही ते कान उतरतात. कानावरून ‘यात मारवाड-काठियावाडचं रक्त आहे’ एवढं म्हणता येतं, ‘शुद्ध’ म्हणता येत नाही. जो व्यापारी कानाला कान लावून दाखवतो, तो तुमचं लक्ष पायांवर जाऊ नये अशा जागी घोडी उभी करतो. पुढच्या वेळी बघा.

पण माझा मूळ प्रश्न वेगळाच आहे. तुम्हाला मारवाडी कशासाठी हवी आहे? मी टोमणा मारत नाही. अंगणात देखणं जनावर बांधावं, आल्यागेल्यानं ‘वा’ म्हणावं, हे कारण अगदी मान्य. फक्त तसं असेल तर तसं कबूल करा आणि त्या शोभेची किंमत वेगळी काढा. पत्रात तुम्ही लिहिलंय की सकाळी कालव्याच्या कडेनं रपेट मारायची आहे. या कामाला घोड्याचा स्वभाव लागतो, पाय लागतात, शिकवण लागते आणि तुम्हाला पेलेल एवढं अंग लागतं. यातलं काहीही देवमणात नाही.

यात्रेतला भाव कशाचा बनतो ते पाहा. साठ इंचांच्या वर प्रत्येक इंचाला पैसे. रंगाला पैसे. गळ्याखालच्या शुभ भोवऱ्याला पैसे. नाचकामाला पैसे. घराण्याचं नाव असेल तर पैदाशीसाठी पैसे. हा भाव खोटा नसतो. वरातीवाल्याला, पैदास करणाऱ्याला, हौशी पाटलाला तो परवडतो. पण तुम्ही त्यांच्यापैकी कोणीच नाही. उलट बाजूचा फायदा तुमचा असू शकतो: अशुभ भोवऱ्याची म्हणून ज्या घोडीला कोणी हात लावत नाही, तीच चालीला गरीब आणि पायांनी खणखणीत निघाली, तर तुमच्यासाठी तो यात्रेतला सर्वांत स्वस्त सौदा. भोवऱ्यानं कधी कोणाला पाडलेलं मी पाहिलं नाही. इंचांचंही तसंच. सपाट फरशीवर, काठी सरळ धरून, नाल किती जाड आहे ते बघून मोजा. घोडी उंचवट्यावर आणि मोजणारा उतारावर, असला ६२ इंचांचा घोडा घरी आल्यावर साठचा भरतो.

‘नाचलेली आहे’ हे तुम्ही जमेच्या बाजूला धरलंय. त्याला दोन बाजू आहेत. बँड, फटाके, गर्दी यांना ती बिचकणार नाही, ट्रॅक्टर अंगावर आला तरी कदाचित उभी राहील. पण नाचाच्या घोडीला शिकवलेलं असतं की लगाम आखडला आणि टाच लागली की जागच्या जागी उसळायचं. तुम्हाला क्लबात शिकवलंय की लगाम आखडला की घोडा थांबतो. कालव्याच्या अरुंद कडेला तुम्ही घाबरून लगाम ओढाल आणि ती इमानदारीनं मागच्या दोन पायांवर उभी राहील. चूक कोणाचीच नसेल, पाण्यात मात्र तुम्ही असाल. तिच्या तोंडात कसला लगाम आहे तेही पाहा. काटेरी लगामाला कायद्यानं बंदी आहे, तरी तो वापरतात. जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यात जुने वण दिसले, तर साध्या लगामावर ती थांबेल ही आशा ठेवू नका.

आता वजन. ‘कमी करतोय’ हे मी ऐकलं, पण घोडीला ८४ किलोच पेलायचे आहेत, वर खोगीर आणि रिकिबी मिळून सात-आठ किलो. म्हणजे ९२ धरा. रोजच्या कामाला घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं पाठीवर असू नये, हा सर्वसाधारण दंडक. घोड्याचं वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. तंग (खोगिराचा पट्टा) कसतात तिथून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. सेंटीमीटरमध्ये घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत. समजा घेर १६५ आणि लांबी १४५ भरली, तर वजन सुमारे ३३२ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ६६. तुमच्याकडे ९२ आहेत! शिडशिडीत अंगाची घोडी हे ओझं चार दिवस नेईल, चार वर्षं नेणार नाही. तिची पाठ आणि पुढचे गुडघे आधी बोलतील. तुम्हाला साधारण ४६० किलोचं जनावर हवं. क्लबमधला तो ‘बाद’ थरोब्रेड बहुधा याच वजनाचा असेल.

त्याच्याकडे येते, पण आधी माझीच एक गोष्ट. सव्वीस वर्षांपूर्वी मी पहिली घोडी घेतली, ‘पाच वर्षांची’ म्हणून. व्यापाऱ्यानं उपरण्याखाली माझ्या मामांची बोटं दाबली, आकडा ठरला, मी खूश. महिन्याभरानं ओळखीच्या पशुवैद्यांनी तिचा वरचा ओठ उचलला, कोपऱ्यातल्या दातावर बोट ठेवलं आणि हसायलाच लागले. त्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते आणि खाली सरकत जाते. माझ्या घोडीची खाच दाताच्या मध्यापर्यंत आली होती. पंधरा वर्षांची होती बाई. पुढची सहा वर्षं तिनं मला कधी पाडलं नाही. पैसे जास्तच गेले, पण जनावर बरोबर निघालं, ते निव्वळ माझं नशीब. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात. विकतच्या घोडीचे मोजावेत.

तुमच्या घोडीपुरतं सोपं आहे. खरोखर चार वर्षांची असेल, तर खालच्या जबड्यात पुढचे मधले चार दात पक्के आणि कोपऱ्यातले दोन अजून दुधाचे, म्हणजे लहान आणि पांढरे असतील. सहाही पक्के दिसले तर ती साडेचारच्या पुढे गेलीय. वरच्या कोपऱ्यातल्या दाताला खाच दिसली, तर दहाच्या पुढे. आठ-नऊ वर्षांनंतर दातांवरून नेमकं वय कोणी सांगू शकत नाही, अंदाजच. जो छातीठोक सांगतो त्याच्याकडे काहीतरी विकायला असतं.

पाय बघायला जाल तेव्हा आधी न कळवता, सकाळी लवकर जा. तुम्ही पोचाल तेव्हा घोडी आधीच घामेजलेली, खोगीर चढवून तयार असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. दमवलेली किंवा सुई दिलेली घोडी गरीबच वाटते. तिला ठाणावरून तुम्ही स्वतः सोडून आणा. ठाणाचं लाकूड कुरतडलेलं आहे का ते बघा. लाकडाला दात लावून वारा गिळायची खोड लागलेली घोडी पुढे पोटदुखीला बळी पडू शकते. मग कडक जमिनीवर तिला दुडक्या चालीनं सरळ तुमच्यापासून लांब आणि परत तुमच्याकडे पळवायला सांगा. मान मोकळी, दोर सैल. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दोर आखडून पळवत असतील तर ते डोकं लपवण्यासाठीच. मग खूर उचला, वास घ्या. कुजका वास आला तर ओल्या ठाणात उभी आहे. आणि पाठीवर आधी त्यांच्या माणसाला बसू द्या, मग तुमच्या क्लबच्या शिकवणाऱ्याला, आणि तिसऱ्यांदा तुम्ही. हा क्रम बदलू नका. घोडामैदान इतकं जवळ असताना वंशावळ कशाला वाचत बसायची?

एक गोष्ट मात्र कुठल्याही जनावराच्या बाबतीत सोडायची नाही: ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो आणि जनावर बाधित निघालं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला मारावं लागतं. उपचार करून ठेवता येत नाही. यात्रेत शेकडो घोडी एका पाण्यावर येतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्त घेऊन नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे पाठवता येतो. ‘यात्रेआधी केली होती’ हे उत्तर चालत नाही, यात्रेनंतरचा रिपोर्ट हवा. तो हातात येईपर्यंत इसार नाही. व्यापारी बिथरला तर बिथरू दे. बाकी तपासणीसाठी डॉक्टर तुमचा हवा, व्यापाऱ्यानं बोलावलेला नको, आणि शक्यतो घोडेच बघणारा. गावातले डॉक्टर म्हशीच्या बाबतीत देव असतील, पण घोड्याच्या पोटरीवरून हात फिरवून शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ताणलीय का ते सांगणं हे वेगळं काम आहे.

रास्त किंमत विचारलीत. पेपरात येणारे कोटीचे आकडे हे मागितलेले असतात, दिलेले नसतात. तुमच्यापुरता हिशेब खालून वर करा. तुमच्या भागात शांत, शिकलेला, पायांनी धड, पण कसलाही कागद नसलेला सवारीचा घोडा केवढ्याला जातो, हे क्लबवाले, नालबंद आणि दोन-तीन घोडेमालक यांना विचारा. तो पाया. कागदासाठी वरचे पैसे तेव्हाच द्या, जेव्हा तुम्ही पैदास करणार असाल. ‘शिंगरू विकून पैसे निघतील’ या गणितात एक जागा रिकामी आहे: घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा, शेवटचे काही महिने आणि शिंगरू दूध पितं तोवर तुमची रपेट बंद. मग बसणार कशावर? मला विचाराल तर या घोडीत, तुमच्या कामासाठी, ३ लाख ९० हजारांतला निम्म्याहून जास्त पैसा रंग आणि भोवऱ्याचा आहे, आणि रंगाचीच शंका आहे.

क्लबच्या घोड्याकडे तुम्ही नाक मुरडलंत, त्याची मला गंमत वाटली. जात खरी असल्याचा पक्का पुरावा हवाय ना? तो याच्याकडे आहे. शर्यतीच्या थरोब्रेडची नोंद पुण्यातच, स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. आई-बाप, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं. काखेत कळसा आणि तुम्ही गावाला वळसा घालताय. पण म्हणून डोळे मिटून घेऊ नका. क्लब त्याला का काढतोय, हे स्पष्ट विचारा. पुढच्या पायांच्या मागच्या शिरेवरून बोट फिरवा. शर्यतीत ताणलेली शीर धनुष्यासारखी बाहेर आलेली जाणवते. जुनी, थंड आणि न दुखणारी असेल तर रपेटीला चालते, गरम असेल तर नाही. थरोब्रेडची कातडी पातळ, खूर नाजूक, खाणं जास्त. माशा आणि उन्हाचा त्याला देशी घोड्यापेक्षा जास्त त्रास. आणि हा घोडा आयुष्यभर दुसऱ्या घोड्यांच्या सोबतीनं चाललाय. तुमच्या बागेत एकटा राहील का? एकटा कालव्यावर जाईल का? त्याला क्लबच्या फाटकाबाहेर एकटा काढून दोन किलोमीटर नेऊन बघा. फाटकापाशीच पाय रोवून मागे वळत असेल, तर ८० हजारही जास्त.

मी तुमच्या जागी असते तर क्लबला विचारलं असतं: तीन महिने याचा खर्च अर्धा मी देतो, आठवड्यातून चार दिवस मी बसतो, मग ठरवतो. बरेच क्लब याला तयार होतात, त्यांचाही चारा वाचतो. त्या तीन महिन्यांत तुम्हाला हेही कळेल की खरारा, लीद, पहाटेचं दाणापाणी हे रोज, पावसात, डाळिंबाच्या तोडणीच्या दिवसांतही, तुम्हाला जमतंय का. बुलेटचा सल्ला देणाऱ्या वहिनी फार चुकलेल्या नाहीत. बुलेटला आठवडाभर विसरता येतं.

सौदा कुठलाही झाला तरी तो रुमालाखाली संपवू नका. बाजार समितीची पावती किंवा निदान साध्या कागदावर दोघांच्या सह्या, आणि त्यात वय, रंग, चिप नंबर, ‘बिनखोडी’ म्हणजे कोणत्या खोडी नाहीत, आणि किती दिवसांत परत घेणार, हे लिहून घ्या. तोंडी ‘बिनखोडी’ ही व्यापाऱ्यांची बोलायची पद्धत आहे. लिहायला सांगितलं की पेन चालत नाही.

तुमच्या दोन पानी पत्रात एका माणसाचा उल्लेखच नाही: नालबंद. दर पाच-सहा आठवड्यांनी खूर कापून नाल मारायला तुमच्या पंचक्रोशीत कोण येतो, की वरातीच्या घोड्यांबरोबर तो सीझनभर गायब असतो? त्याला आजच फोन करा. सापडला, तर दोन्ही जनावरांच्या चारही खुरांचे फोटो, समोरून आणि बाजूनं, त्याला पाठवा आणि कुठला घोडा कितीला मिळतोय हे न सांगता विचारा की यातल्या कोणाचे पाय तो रोज हातात घ्यायला राजी आहे.